सोबती हवा, वजन पासष्टच्या आत

शिडाची होडी चालवायला शिकवणारी एक शाळा बदलापूरच्या पलीकडे एका जलाशयावर आहे. समुद्र तिथून लांब असल्यामुळे हे ऐकणारा माणूस हमखास एकदा ‘कुठे?’ असे विचारतो. बदलापूर स्टेशनवरून रिक्षाने पाऊण तास. पत्र्याची शेड, चौदा होड्या, एक मोटरबोट, दोन खोल्या आणि पाण्यात उतरत जाणारा सिमेंटचा उतार, एवढी शाळा. तिचे चार पानांचे मासिक बातमीपत्र गेली सहा वर्षे मी काढतो. त्याआधी एकतीस वर्षे एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. मी होडीत कधी बसलेलो नाही. मला पोहता येत नाही. अंबरनाथ पूर्वेला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी एकटा राहतो. ही माहिती पुढे लागणार आहे म्हणून इथेच दिली.

बातमीपत्राचे काम मला सावंतमॅडमनी दिले. त्या उल्हासनगरच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवत. निवृत्तीनंतर ही शाळा चालवतात. पूर्वी आमच्या दैनिकात त्यांच्या संघाच्या फोटोखाली दुसऱ्याच संघाची नावे छापली गेली होती. त्यांनी फोन केला, तो मी घेतला आणि दुसऱ्या दिवशी चूकदुरुस्ती छापली. मी निवृत्त झाल्याचे कळल्यावर त्यांनी नंबर शोधून काढला. म्हणाल्या, “चूक कबूल करणारा माणूस मी तुमच्या धंद्यात एकच पाहिलाय.” त्यांचा हा अंदाज पुढे कसोटीला लागायचा होता.

काम वरवर साधे आहे. पहिल्या पानावर शाळेच्या बातम्या. दुसऱ्यावर पाण्याची पातळी, महिनाभराचा वारा आणि शर्यतींचे निकाल. तिसरे पान संधींचे: कुठल्या प्रशिक्षणाला अर्ज मागवलेत, कुठल्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टला होडी शिकवणारा हवा आहे, कुठली शर्यत बाहेरच्यांना खुली आहे. चौथ्या पानावर सभासदांच्या छोट्या जाहिराती. जुने शीड विकणे आहे, लाइफ जॅकेट लहान मापाचे हवे आहे, शनिवारी अंबरनाथहून गाडीत एक जागा रिकामी आहे. अंक सभासदांना फोनवर जातो. चाळीस प्रती छापून शेडमध्ये आणि दोनतीन दुकानांत ठेवतो.

सभासद अंबरनाथच्या कारखान्यांतले अधिकारी आहेत, बदलापूरचे शिक्षक आणि बँकवाले आहेत, उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांची मुले आहेत, आसपासच्या गावांतले जमीनवाले आहेत. बातमी दैनिकासारखी लिहायची, हे मी सुरुवातीलाच ठरवले. त्यावरून पहिल्याच मोसमात कुरबुर झाली. एका रविवारी शर्यत सुटली आणि वारा पडला. वल्हे मारायला नियमात परवानगी नाही. दहा होड्या दीड तास जागच्या जागी उभ्या होत्या. सर्वांत पुढची होडी हळूहळू मागे वाहत आली आणि सर्वांत मागची, तितकीशी मागे न वाहिल्यामुळे, पहिली ठरली. मी तेवढेच लिहिले. मथळा दिला, ‘शर्यत जिथल्या तिथे’.

सावंतमॅडमचा फोन आला. “तुम्ही आमची चेष्टा करता.”

“एक तरी शब्द चुकीचा आहे का?”

“नाही ना! तोच तर त्रास आहे.”

संधींच्या पानाचे दुखणे वेगळे आहे. त्या पानावरून फोन सर्वांत जास्त येतात. आमच्या ओंकारचे नाव इच्छुकांच्या यादीत चौथे का, असे एक आई मला वीस मिनिटे विचारत होती. यादी आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावली आहे, हे तिला पटले नाही. पण फोन येतात ते संधी मिळेपर्यंतच. सहा वर्षांत या पानावरून सातआठ जण बाहेर पडले. कोणी गोव्याला प्रशिक्षक झाला, कोणी मोठ्या जहाजावर लागला. गेलेला माणूस बातमीपत्र वाचत नाही, आणि वाचत असला तरी कळवत नाही. संधी नीट छापली गेली याची खूण एवढीच, की एक नाव पुढच्या यादीतून कमी होते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले तिकडे येतो.

मोठ्या होड्या दोन माणसांच्या असतात. मागे बसणारा सुकाणू आणि मोठे शीड सांभाळतो. पुढचा छोटे शीड सांभाळतो आणि वारा वाढला की काठावर बसून, मागे झुकून आपल्या वजनाने होडी सरळ ठेवतो. त्यामुळे वजन महत्त्वाचे. दोघे मिळून जड झाले तर होडी चालत नाही, हलके पडले तर उलटते. शेडमध्ये एक वजनकाटा आहे. मोसम सुरू होताना प्रत्येकाचे वजन घेऊन फळ्यावर लिहितात आणि त्याप्रमाणे जोड्या लावतात. एकट्या माणसाला दोघांची होडी पाण्यात नेता येत नाही, हा शाळेचा पक्का नियम आहे.

दातार हे अशा एका होडीचे सुकाणूवाले. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ते छटा तपासत. निवृत्तीनंतर खरवईला नव्या इमारतीत राहायला गेले. वय एकाहत्तर, वजन अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या पुढे अकरा वर्षे त्यांच्या पत्नी बसत. शाळेने मोडीत काढलेली एक होडी या दोघांनी दुरुस्त केली होती, म्हणून ती त्यांच्या नावावर ठेवलेली. तिचा रंग दातारांनी स्वतः मिसळला होता. बाईंना वांग्याच्या फुलाचा रंग हवा होता. तो साधायला सात डबे वाया गेले, असे शेडमध्ये सांगतात. बाई वारल्या तेव्हा मी पहिल्या पानावर आठ ओळींची बातमी दिली. त्यानंतरच्या ऑक्टोबरात, मोसमाच्या तोंडावर, दातारांनी चौथ्या पानासाठी जाहिरात आणून दिली. सोबती हवा.

जाहिरात तीन अंक चालते, मग नवी चिठ्ठी द्यावी लागते. हा नियम माझा. दातार दर तिसऱ्या महिन्याला चिठ्ठी देत. रेघांच्या कागदावर, काळ्या शाईत, सरळ अक्षरात. पहिल्या चिठ्ठीवरून मी जो मजकूर छापला तो असा:

‘दोन माणसांच्या होडीसाठी पुढे बसणारा सोबती हवा. दर रविवारी सकाळी आठ ते बारा. वजन पासष्ट किलोच्या आत. वेळ पाळणारा असावा. होडी चांगल्या स्थितीत. दातार, खरवई.’

कोणी आले नाही. दुसरा, तिसरा, सहावा अंक गेला. पावसाळ्यात होड्या शेडमध्ये असतात, पण बातमीपत्र चालू असते; त्यातही जाहिरात होती, फक्त त्यातले दोन अंक मी मुदतीत धरले नाहीत. पुन्हा ऑक्टोबर आला, मोसम सुरू झाला, फळ्यावर नवी वजने लागली. सोबती मिळाला नाही. ज्यांना होडी येत होती त्यांच्या जोड्या ठरलेल्या होत्या. ज्यांना येत नव्हती ते आपले काम नव्हे म्हणून पुढचे वाचत.

दातार तरीही दर रविवारी येत. आठला पाच कमी असताना येत, आपली होडी ढकलगाडीवरून अंगणात काढत, डोलकाठी उभी करत, दोन्ही शिडे चढवत, दोऱ्या तपासत. मग ती पाण्याकडे तोंड करून तशीच उभी ठेवत आणि शेजारी खुर्ची टाकून बसत. बारा वाजता शिडे उतरवून, होडी गोड्या पाण्याने धुऊन आत लावत. ती पाण्यात उतरली असती तरी जलाशयाचे पाणीही गोडेच आहे, मग धुवायचे कशाला, असे मी एकदा म्हणालो. त्यांनी बादली पुन्हा भरून घेतली.

मीही रविवारी जात असे. पाण्याची पातळी लिहून घ्यायची, निकाल लिहून घ्यायचे, हे काम तासाभराचे. मी बारापर्यंत थांबत असे. दातारांच्या खुर्चीपासून माझा बाक दहा पावलांवर होता. आमचे बोलणे ठरलेले.

“पाणी किती, संपादक?”

“मागच्या रविवारपेक्षा एक हात खाली.”

“वारा?”

“अकरानंतर म्हणतात.”

बाळाराम शेड सांभाळतो. मूळचा तिथल्याच गावचा, पन्नाशीचा. त्याच्या जमिनीचा एक तुकडा याच पाण्याखाली आहे, म्हणून तो सगळ्यांशी जागामालकाच्या थाटात बोलतो. आम्हा दोघांना चहा देताना तो म्हणाला, “दर ऐतवारी दोगं येताव न् दोगं कोरडंच जाताव. एकाला तरी भिजवा रं कुनीतरी.”

दातार हसले. मी वहीत पातळी लिहिली.

त्याच बाळारामने मोसमाच्या सुरुवातीला मला गमतीने काट्यावर चढवले होते. “बासष्ट,” तो ओरडला होता, “लिवू का फल्यावर?” मी नको म्हणालो. मी सभासद नव्हतो, बातमीपत्राचा माणूस होतो. ज्या घटनेची बातमी करायची तिच्यात आपण उतरायचे नाही, हे मी पहिल्या वर्षी शिकलो होतो. आमच्या दैनिकात एकाने भाड्याच्या घराची जाहिरात छपाईला जाण्याआधीच स्वतः फोन करून ते घर घेतले होते. त्याला काढले नाही, पण निवृत्त होईपर्यंत त्याच्याकडे जाहिरातीचे पान परत गेले नाही. वाचकांच्या आधी आपण घ्यायचे नाही. शिवाय जाहिरातीत माणूस होडीतला हवा होता, असे मी समजत होतो.

जानेवारीत सावंतमॅडम दातारांपाशी येऊन उभ्या राहिल्या. मी बाकावर होतो, ऐकू येत होते.

“दातार, शिकाऊ तुकडीत यंदा मुलं जास्त आहेत. होड्या कमी पडतायत.”

“हो.”

“दुसरा मोसम चाललाय. तुमची अशी उभी राहते. मेपर्यंत मी कमिटीला थांबवते. त्यापुढे मला नाही जमायचं.”

“बरोबर आहे तुमचं.”

“राग नका मानू.”

“नाही. रंग कुठला लावाल?”

शिकाऊ तुकडीच्या होड्या पिवळ्या असतात, पाण्यावर लांबून दिसाव्यात म्हणून. मॅडमनी ते सांगितले नाही. त्या म्हणाल्या, “बघू तेव्हा,” आणि गेल्या. दातारांनी बारा वाजता होडी धुतली. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

मार्चच्या अंकासाठी त्यांची सहावी चिठ्ठी आली. सहावी चिठ्ठी मी उघडली ती केवळ सवयीने. आधीच्या चार उघडून, तोच मजकूर आहे एवढे वरच्या ओळीवरून पाहून, जुना मजकूर उचलून पुढे चालू ठेवला होता. या चिठ्ठीत वरच्या ओळी नव्हत्या. एवढेच होते:

‘अनुभव नको. पोहता येत नसले तरी चालेल, मी शिकवीन. जागा कमी असल्यास यंदा वरचा मजकूर कापावा, हा राहू द्यावा.’

इथे वृत्तपत्राच्या धंद्यातली एक पद्धत सांगितली पाहिजे. बातमी लिहिताना महत्त्वाचे सगळे वर येते आणि कमी महत्त्वाचे खाली खाली जाते. पान लावताना जागा कमी पडली की उपसंपादक बातमी पुन्हा वाचत बसत नाही. खालून कापतो. हाताला ती इतकी सवय होते, की कापलेल्या ओळीत काय होते हे दहा मिनिटांनी सांगता येत नाही. एकतीस वर्षांत मी किती ओळी अशा कापल्या असतील याचा हिशेब नाही. कोणाची तक्रार क्वचित आली. बातमीदार पद्धत जाणतात. जपायचे ते वर लिहितात.

दातार बातमीदार नव्हते. ते कारखान्यात अर्ज लिहायला शिकलेले. आधी काय हवे, मग अटी, मग नाव आणि पत्ता, आणि जे मनातले ते नावाच्या खाली, ताजा कलम म्हणून. मी फाइल काढली. मी चिठ्ठ्या टाकून देत नाही, ही एक सवय बरी निघाली. पाचही चिठ्ठ्यांवर, नावाखाली, त्याच अक्षरात ‘अनुभव नको’ची ओळ होती. पहिल्या चिठ्ठीवर तिच्यावर माझ्या लाल पेनची आडवी रेघ होती. ऑक्टोबरच्या त्या अंकात चौथ्या पानावर दोन ओळी जास्त झाल्या होत्या. पुढच्या चार चिठ्ठ्यांवर रेघसुद्धा नव्हती. त्या मी तिथपर्यंत वाचल्याच नव्हत्या.

ज्याला होडीतले काही येत नाही अशा माणसासाठी ती जाहिरात होती. सतरा अंक मी ती अनुभवी लोकांना वाचायला लावत होतो.

मी दातारांना फोन केला. चूक माझी आहे, असे सांगितले.

“मला पहिल्याच अंकात दिसलं होतं,” ते म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

“वाटलं, वर्तमानपत्रातला माणूस आहे. काही विचार करूनच काढलं असेल. पोहता न येणाऱ्याला बोलावणं बरं दिसत नसेल छापील.” मग म्हणाले, “आमच्याकडे वरून एखादी छटा रद्द होऊन आली की आम्ही कारण नाही विचारायचो.”

मार्चच्या अंकात पहिल्या पानावर, चौकटीत, चूकदुरुस्ती छापली. जाहिरात पूर्ण दिली आणि दातारांच्या ओळी सर्वांत वर घेतल्या. अठरावा अंक. तो शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या फोनवर गेला.

पुढचे लिहायला मला फारसे आवडत नाही, पण चूकदुरुस्ती अर्धी करता येत नाही. वजन पासष्टच्या आत, अनुभव नाही, पोहता येत नाही, रविवारी सकाळी मोकळा. या सगळ्या अटींत बसणारा एक माणूस मला माहीत होता. वाचकांच्या आधी घ्यायचे नाही, या नियमाला धरून मी वाचकांना मुदत दिली. पुढच्या शुक्रवारपर्यंत कोणी फोन केला नाही, तर रविवारी आपण दातारांना विचारायचे. हे मी कोणाला बोललो नाही. बोलण्यासारखे घरात कोणी नव्हते. सोमवारी संध्याकाळी अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात जाऊन रबरी तळव्याचे कापडी बूट घेतले. होडीत तसेच घालतात, हे मी दोनदा छापले होते. मंगळवारी ते घरात घालून थोडा फिरलो. फरशीवर आवाज होत नव्हता.

बुधवारी सकाळी फोन आला.

“संपादकसाहेब? मैं लालवानी, उल्हासनगर से. वो होडीवाली जाहिरात. अनुभव नको, ते पक्कं आहे ना?”

लालवानींचे उल्हासनगरला चेन, बटणे आणि अस्तराचे दुकान आहे. मुलगी आमच्या शाळेत शिकत होती. लग्न करून ती परदेशी गेली त्याला चार वर्षे झाली. यादीत तिच्या नावापुढे वडिलांचा नंबर होता, तो कोणी काढला नाही, म्हणून अंक त्यांना जात राहिला.

“पक्कं आहे,” मी म्हणालो. “तुमचं वजन?”

“सत्तावन. शादी के टाइम भी इतनाच होता. पोहायला येत नाही, पहले से बोलतो.”

“चालेल असं लिहिलंय.”

“अरे साईं, हेच पहले लिहायचं ना! दीड साल से वाचतोय मी. हर महीने वाचतो. मला वाटलं, एक्स्पर्ट लोकांचं काम आहे. बेटी बोलायची, पप्पा, एक बार बैठ के देखो. वो थी तब नहीं बैठा.”

त्यांचा नंबर मी लिहून घेतला. दातारांना लगेच कळवतो म्हणालो. लगेच कळवले नाही. दोन तास तो कागद टेबलावर होता. त्या वेळात मी एप्रिलच्या अंकाची पाण्याची आकडेवारी तपासली. ती बरोबर होती. लालवानी फोनवर बरे वाटले नाहीत, वेळ पाळणार नाहीत, अशी कारणे शोधून पाहिली. सापडली नाहीत. शेवटी फोन केला. दातार म्हणाले, “सत्तावन्न म्हणजे थोडे हलके. पण वाऱ्यात मी बघून घेईन.” त्यांच्या आवाजात बदल होता. तो कोणता, हे मला नेमके सांगता येणार नाही.

रविवारी मी नेहमीप्रमाणे गेलो. बूट घालून गेलो. दुसरे बूट घालण्याचे कारण नव्हते, असे मी स्वतःला सांगितले.

लालवानी आठला दहा कमी असतानाच हजर होते. इस्त्रीची पँट, त्यावर लाइफ जॅकेट, खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल. दातारांनी त्यांना आधी कमरेइतक्या पाण्यात नेले. तिथे नव्या माणसाला होडी मुद्दाम उलटवून दाखवतात, म्हणजे पुढे भीती राहत नाही.

“आता होडी उलटेल,” दातार म्हणाले. “घाबरायचं नाही. तोंड बंद ठेवायचं.”

“तोंड बंद? हे अवघड आहे, दातारसाहेब. दुकानदार आहे मी.”

होडी उलटली. लालवानी खाली गेले आणि बोलतच वर आले. बाळाराम उतारावर उभा राहून टाळ्या वाजवत होता. “आयला, एक तं भिजला!” त्याने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या पायांकडे पाहिले. टाळ्या थांबल्या.

दहा वाजता दातार दोरी घ्यायला वर आले. ओले होते, धापा टाकत होते, एकाहत्तरचे दिसत नव्हते. माझ्या बाकापाशी थांबले.

“पाणी किती, संपादक?”

“दोन हात खाली.”

ते निघाले आणि वळले. “बूट नवे दिसतात.”

“हो.”

“होडीचे आहेत.”

“हो.”

ते माझ्याकडे बघत राहिले. कारखान्यात छटा तपासताना असेच बघत असावेत, नमुना आणि माल शेजारी ठेवून. “तुमचं वजन किती?”

“बासष्ट.”

पाण्यावरून लालवानींची हाक आली, “दातारसाहेब, ये जा रही है! अपनेआप जा रही है!”

“दीड वर्ष,” दातार म्हणाले, “तुम्हीच छापत होता.”

मी वही मिटली. जाता जाता ते म्हणाले, “तिसऱ्याला जागा नसते हो या होडीत,” आणि उतारावरून पाण्यात शिरले. त्यात राग नव्हता. ती माहिती होती, आणि बरोबर होती.

वारा त्या दिवशी अकराऐवजी साडेदहाला आला. वांग्याच्या फुलाच्या रंगाची होडी दोन मोसमांनी धरणाच्या मधोमध गेली. पुढे लालवानी दोन्ही हातांनी दोरी धरून बसले होते आणि त्यांचे बोलणे काठापर्यंत ऐकू येत होते. मी ते वहीत लिहून घेतले नाही. एप्रिलच्या अंकात दुसऱ्या पानावर दोन ओळी दिल्या.

मे अखेरपर्यंत ती होडी दर रविवारी पाण्यावर गेली. कमिटीने ती दातारांच्या नावावर ठेवली. एकदा जोरदार वाऱ्यात दोघे खरोखर उलटले, तेव्हा लालवानींनी पाण्यातून शांतपणे सूचना दिल्या, असे दातार सांगतात. लालवानींनी मुलीला फोटो पाठवला. तिने उत्तरात काय लिहिले ते मला त्यांनी वाचून दाखवले. ते खासगी आहे, म्हणून देत नाही.

चौथ्या पानावर ‘सोबती हवा’ या जाहिरातीची जागा एप्रिलपासून मोकळी झाली. चार अंक मी तिथे लाइफ जॅकेटची निगा कशी राखावी हा मजकूर टाकला. जागा भरण्यासाठी असा मजकूर प्रत्येक उपसंपादकाजवळ असतो. ऑगस्टच्या अंकाच्या वेळी, ऑक्टोबरचा मोसम डोळ्यांसमोर ठेवून, मी सावंतमॅडमकडे सभासदाचा अर्ज भरला. शुल्क दिले, पावती घेतली, कारण सभासद नसलेल्याची जाहिरात छापता येत नाही. बाळारामने फळ्यावर माझ्या नावापुढे बासष्ट लिहिले, मोठ्या आकड्यात.

नंतर मी एक चिठ्ठी लिहिली. दुसऱ्याच्या मजकुरासारखीच वाचली, एक विशेषण काढले. छापली ती अशी:

‘शिकायची तयारी आहे. अनुभव नाही, पोहता येत नाही. दोन माणसांच्या होडीत पुढे बसायला कोणाला माणूस हवा असल्यास कळवावे. वजन बासष्ट. रविवारी सकाळी, किंवा इतर कुठल्याही दिवशी.’

शेवटचे चार शब्द कापायचे मनात होते. जागाही कमी पडत होती. त्याऐवजी लाइफ जॅकेटच्या मजकुरातली एक ओळ काढली.

नियमाप्रमाणे जाहिरात तीन अंक चालते. हा लेख छपाईला देताना दुसरा अंक निघाला आहे. अजून फोन आलेला नाही. बूट दारापाशी आहेत.